कुठे किती पाऊस?

मंडळी, आमच्या अंगणात एक पत्र्याचा डबा आहे. तो रिकामा आहे, पण टाकाऊ नाही. त्याला कोणी हात लावीत नाही. कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून त्याच्याभोवती काट्या लावल्या आहेत. गावातले लोक पूर्वी हसत. म्हणत, "गुरुजी रिटायर झाले, आता डब्याची राखण करतात."

आता हसत नाहीत. पावसाळ्यात सकाळी नऊच्या सुमाराला कोणी ना कोणी फाटकाशी उभा राहतो आणि आपल्या अहिराणीत विचारतो, "गुरुजी, पानी कितलं पडनं?"

मी डब्यात मोजपट्टी घालतो आणि सांगतो, "नाना, बारा मिलिमीटर." किंवा "आबा, नुसता शिडकावा. दोन."

हा डबा पाऊस मोजण्याचा आहे. पाऊस मोजता येतो. मोजला म्हणजे एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते. आपल्या देशात सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो, आपल्याकडे किती पडतो, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आज पाहू.

पाऊस मोजतात कसा?

पाऊस किलोने मोजत नाहीत. तो उंचीने मोजतात. समजा, पाऊस पडला आणि पाणी वाहून गेले नाही, जमिनीत मुरले नाही, उन्हाने आटले नाही. जिथे पडले तिथेच उभे राहिले. मग त्या पाण्याची जेवढी उंची होईल, तेवढा पाऊस झाला.

ही उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. मुलांच्या मोजपट्टीवर सेंटिमीटरचे आकडे असतात. एका सेंटिमीटरचे दहा बारीक भाग केलेले असतात. त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. साधारण पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंच.

तुम्ही म्हणाल, डबा मोठा असेल तर पाणी जास्त साठेल. बरोबर. पण मोठ्या डब्याचा तळही मोठा असतो. म्हणून पाण्याची उंची तेवढीच भरते. हौद असो की डबा, बाजू सरळ असल्या आणि तोंड व तळ सारखे असले, की उंची एकच येते. घागर किंवा बाटली मात्र चालत नाही. तिचे तोंड लहान आणि पोट मोठे असते.

एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर एक लाख लिटरहून जास्त पाणी होते. त्याचे वजन हजार क्विंटलच्या वर भरते! एवढे पाणी बैलगाडीने वाहायचे म्हटले तर जोडी थकून जाईल. ढग ते एका रात्रीत आणून टाकतो.

पाऊस मोजणे ही काही साहेबांच्या काळातली नवी गोष्ट नव्हे. दोन हजार वर्षांमागे कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' लिहिले गेले. त्यात सांगितले आहे, की सरकारी कोठाराजवळ हातभर तोंडाचे भांडे ठेवावे आणि त्याने पाऊस मोजावा. कोणत्या मुलखात किती पाऊस पडला म्हणजे पीक येते, त्याचे आकडेही त्यात दिले आहेत. आणि कोकणाविषयी काय म्हटले आहे, ठाऊक आहे? तिथल्या पावसाला मोजदादच नाही!

आता मोजदाद आहे. सरकारचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. आजही देशभरच्या केंद्रांवर सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा लिहून ठेवतात.

देशातली सगळ्यात ओली गावे

आपल्या देशाच्या ईशान्येला मेघालय नावाचे राज्य आहे. मेघालय म्हणजे मेघांचे घर. हे राज्य १९७२ साली झाले. तिथे खासी नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांवर चेरापुंजी आणि मॉसिनराम ही दोन गावे आहेत. चेरापुंजीला तिथले लोक सोहरा म्हणतात.

साऱ्या जगात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत या दोघांचे नाव पहिले घेतात. दोन्हीकडे वर्षाला सरासरी सुमारे ११,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातल्या त्यात मॉसिनराम थोडेसे पुढे आहे. म्हणजे वर्षाचा पाऊस जागच्या जागी उभा राहिला, तर सुमारे ३९ फूट पाणी होईल. आपल्याकडची सहा परस विहीर डोळ्यांपुढे आणा. ती तळापासून काठापर्यंत भरेल एवढा पाऊस!

हे झाले सरासरीचे. चेरापुंजीला १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत, बारा महिन्यांत, २६,४६१ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे जवळजवळ ८७ फूट. जगात कुठेही एका वर्षात याहून जास्त पाऊस मोजला गेलेला नाही. १९९५ साली जून महिन्याच्या १५ आणि १६ या दोन तारखांना मिळून तिथे २,४९३ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या चाळीसगावला एवढा पाऊस पडायला साडेतीन वर्षे लागतात.

एवढ्या पावसात माणसे राहतात कशी? राहतात आणि शेतातही जातात. बांबू आणि पानांचे मोठे इरले करून ते डोक्यापासून पाठीवर घेतात. त्यामुळे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. मॉसिनरामला छपरावर गवताचे पेंढे टाकतात, म्हणजे पावसाचा आवाज कमी होतो. ओढ्यांवर लाकडी पूल कुजून जातात. म्हणून तिथले लोक रबराच्या जातीच्या झाडाची मुळे ओढ्यावरून पलीकडे वाढवतात. ती मुळे जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचाच पूल होतो. तो पूल कुजत नाही. उलट वर्षावर्षाला मजबूत होतो.

दक्षिणेकडे कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात आगुंबे नावाचे गाव आहे. तिथे साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात? सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडी तालुक्यात आंबोली आहे. तिथे सुमारे सात हजार मिलिमीटर. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. अलीकडे कोयनेच्या बाजूचे पाथरपुंज आणि पुणे जिल्ह्याच्या घाटातले ताम्हिणी यांची नावेही पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतात.

आता दुसरे टोक पाहा. राजस्थानात जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. लडाखमध्ये लेहला शंभरच्या आसपास. एकाच देशात एकीकडे चार बोटे पाणी आणि एकीकडे सहा परस पाणी!

आगगाडीतून पाऊस पाहा

पण एवढ्या लांब जायला नको. चाळीसगाव स्टेशनावर जुलै महिन्यात मुंबईच्या गाडीत बसा आणि खिडकीतून बाहेर पाहत राहा.

चाळीसगावला ढग असतात, पण पाऊस पडेलच असे नाही. नांदगाव, मनमाड, सगळीकडे तसेच. बाजरी आणि मका हातभर वाढलेली, पण पाण्याकडे डोळे लावून उभी. नाशिकला भुरभुर सुरू होते. नाशिकला वर्षाचा पाऊस सुमारे सातशे मिलिमीटर. तिथून गाडी जेमतेम पन्नास किलोमीटर जाते आणि इगतपुरी येते. खिडकी लावून घ्यावी लागते! बाहेर धुके, डोंगरावरून पांढरे धबधबे, खाचरांत भाताची लावणी. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे नाशिकच्या चौपट. पुढे गाडी कसाऱ्याचा घाट उतरते, कोकण लागते, आणि मुंबईपर्यंत पाऊस सोबत करतो.

चाळीसगाव ते मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. पण पावसाचा सगळा फरक त्या एका घाटापाशी पडतो. असे का?

डोंगर ढगाला पिळून घेतो

उन्हाळ्यात जमीन तापते. तिच्यावरची हवा तापून वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारे येतात. ते नैर्ऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधल्या कोपऱ्यातून येतात. समुद्रावरून आल्यामुळे त्यांच्यात वाफ भरलेली असते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही.

आता चुलीवर खिचडीचे पातेले आहे, त्यावर झाकण आहे. झाकण काढून पाहा. आतून पाण्याचे थेंब लागलेले असतात. वाफ गार झाकणाला लागली आणि तिचे पाणी झाले. पावसाचेही तसेच आहे. वाफेने भरलेली हवा उंच गेली की गार होते. गार झाली की वाफेचे थेंब होतात. थेंब मोठे झाले की पाऊस पडतो.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. वाऱ्याला पुढे जायचे तर वर चढावे लागते. चढताना हवा गार होते आणि घाटमाथ्यावर कोसळते. ओले लुगडे पिळावे तसा डोंगर त्या हवेला पिळून घेतो. घाट ओलांडून वारा खाली उतरतो, तेव्हा त्याच्यात पाणी थोडेच उरलेले असते. शिवाय खाली उतरताना हवा पुन्हा गरम होते, त्यामुळे ढग विरतात. म्हणून डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक पडतो. डोंगराआडच्या या मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाच्या सावलीत ऊन लागत नाही, तसा डोंगराच्या सावलीत पाऊस कमी लागतो.

महाबळेश्वर घ्या. तिथून पाचगणी वीस किलोमीटरच्या आत आहे, पण पाऊस तिसऱ्या हिश्शाएवढा. आणखी खाली वाईला उतरा. तिथे जवळजवळ आपल्यासारखाच, सातशेच्या आसपास!

चेरापुंजीलाही हेच घडते. बंगालच्या उपसागरावरचे वारे बांगलादेशाच्या सपाट मैदानावरून येतात आणि अचानक खासी डोंगरांच्या कड्याला भिडतात. डोंगरांच्या घळींत वारा कोंडला जातो आणि एकदम वर चढतो. मग काय, आभाळ फाटल्यासारखे होते. त्याच डोंगरांच्या पलीकडे शिलाँग हे राजधानीचे गाव आहे. ते फार लांब नाही. तरी तिथला पाऊस चेरापुंजीच्या पाचव्या हिश्शाएवढाच!

आपला खानदेश असाच सह्याद्रीच्या आड आहे. चाळीसगावला वर्षाला ढोबळ मानाने सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पाणी जागच्या जागी उभे राहिले तर सव्वादोन फूट, माणसाच्या मांडीपर्यंत. धुळ्याकडे त्याहून कमी. नवापूरकडे मात्र हजाराच्या वर. हा कोणाचा कोप नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही. वाऱ्याची आणि डोंगराची रचनाच तशी आहे.

चेरापुंजीची तहान

आता एक नवल सांगतो. एवढा पाऊस पडतो त्या चेरापुंजीला हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई होते! झरे आटतात. बायका डोक्यावर भांडी घेऊन लांब जातात. टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. लोक त्या मुलखाला ओले वाळवंट म्हणतात.

कारण सोपे आहे. पाणी पडते, पण थांबत नाही. डोंगर उभा, खडक उघडा. झाडे तुटली, माती वाहून गेली. पाणी कड्यावरून खाली उड्या मारते आणि बांगलादेशात जाते. पावसाळा संपला की हाती काही राहत नाही.

हे ऐकल्यावर आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, पगार मोठा पण पहिल्या तारखेलाच उडवला, असं झालं." काकूंनी चार शब्दांत सगळे सांगितले. पाऊस किती पडतो याला महत्त्व आहेच. पण त्यातले किती राहते, याला जास्त आहे.

आता दुसरे गाव पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे पाऊस आपल्याहूनही कमी, चारशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी तिथले लोक गाव सोडून जात होते. १९९० च्या सुमाराला पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खोदले, नाले अडवले, झाडे लावली, चराईला आळा घातला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, असे ठरवले. आणि मुख्य म्हणजे गावाने पावसाचा हिशेब मांडला. यंदा पाऊस किती झाला, माणसांना किती पाणी लागेल, जनावरांना किती, मग पिकाला किती उरते, हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याचे पीक घ्यायचे नाही. गाव सोडून गेलेली माणसे परत आली.

चेरापुंजीला ३९ फूट पाऊस आणि हिवाळ्यात घागर रिकामी. हिवरे बाजारला दीड फूटसुद्धा नाही आणि विहिरीत पाणी.

आपले चाळीसगाव

सरासरी सातशे मिलिमीटर म्हणजे दर वर्षी तेवढाच पाऊस पडतो असे नाही. पाऊस काही पगारासारखा ठरलेला नसतो.

१९७२ साली मी प्राथमिक शाळेत होतो. पाऊस गेला तो गेलाच. शेतात गवतसुद्धा नव्हते. आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. शाळेत आम्हाला सुकडी मिळायची. घरी रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी. ती गळ्याखाली उतरत नसे, पण उतरवावी लागे. आजही ताटात भाकरी टाकलेली पाहिली, की मला ती लाल भाकरी आठवते.

नंतरची गोष्ट तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढची आहे. २०२१ सालच्या ऑगस्टची ३० तारीख. मघा सरत होत्या. रात्री सातमाळ्याच्या डोंगरात पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या आपल्या दोन्ही नद्यांना पूर आला. सकाळी, ३१ तारखेला, चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी होते. नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरले. दावणीची जनावरे दावणीलाच गेली. कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा एका रात्रीत आला आणि माती घेऊन गेला.

आणि लगेच २०२३ साली काय झाले? पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपला चाळीसगाव तालुका होता.

एकच तालुका. दोन वर्षांचे अंतर. एकदा पुराने रडवले, एकदा दुष्काळाने. म्हणून मी म्हणतो, आपल्याला सरासरी ठाऊक असून भागत नाही. आपल्या शिवारात काल रात्री किती पडला, ते ठाऊक पाहिजे.

कारण पाऊस गावागावाला निराळा असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३! एका शहरात एवढा फरक, मग तालुक्यात किती असेल?

मोजून काय मिळते?

पहिली गोष्ट, पेरणी. शेतीखाते सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. तेवढ्या पावसाने ओल खोल जाते. मग पंधरा दिवस पाऊस नाही आला तरी कोंब तग धरतो.

मी एकदा हे ऐकले नाही. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मृगात एक जोराची सर आली. ओढा खळखळला. सगळे म्हणाले, "लागा कामाला!" डब्यात मी पाहिले होते, ३१ मिलिमीटर. आकडा माझ्याच वहीत माझ्याच हाताने लिहिलेला. तरी शेजारच्या वावरात तिफण दिसली आणि माझाही धीर सुटला. कापूस लावला. पुढे अठरा दिवस आभाळ कोरडे. कोंब करपले. बियाणे गेले, मजुरी गेली, पुन्हा लावणी करावी लागली. जन्मभर मुलांना गणित शिकवले आणि स्वतःच्या वावरात गणित चुकले! तेव्हापासून मी मनाचे ऐकत नाही, डब्याचे ऐकतो.

दुसरी गोष्ट, नुकसान. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर सरकार त्याला अतिवृष्टी धरते. हा पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजतात. एका मंडळात पुष्कळ गावे असतात. कधी केंद्रावर कमी पडतो आणि आपल्या गावावर ढग फुटतो. आपल्या डब्याचा आकडा सरकारी आकडा होत नाही, हे खरे. पण तारीखवार वही असली, तर तलाठ्यापुढे आणि ग्रामसभेत नीट बोलता येते. "लई पाऊस झाला हो साहेब" म्हणणे निराळे आणि "अमुक तारखेला सकाळी साडेआठला आमच्या गावी ११० मिलिमीटर भरला, ही वही पाहा" म्हणणे निराळे. लगेच पंचनामा मागायलाही त्यामुळे बळ येते.

तिसरी गोष्ट, पाण्याचा हिशेब. सोळा फूट रुंद आणि तेहतीस फूट लांब पत्र्याचे घर घ्या. त्यावर वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ३५ हजार लिटर पाणी पडते. एका एकरावर २८ लाख लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर एका एकरावर पावणेतीनशेहून जास्त टँकर! आपण उन्हाळ्यात एका टँकरसाठी रांग लावतो, भांडतो. आणि पावसाळ्यात पावणेतीनशे टँकर बांध फोडून नदीला जाताना पाहत बसतो.

आपले वाडवडील एवढे बेफिकीर नव्हते. पांझरा, मोसम या आपल्या खानदेशच्या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी त्यांनी बंधारे बांधले. पाटाने पाणी घेतले. शेताचे फड पाडले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाळीप्रमाणे पाणी घ्यायचे. पाटकरी पाणी सोडायचा. त्यावर गावाची पंचमंडळी देखरेख करायची. ही फड पद्धत धुळे जिल्ह्यात नाव मिळवून राहिली. पाऊस तेव्हाही आजच्यासारखाच कमी होता. शहाणपण मात्र भरपूर होते.

आणि हिशेबाची तर ही भूमीच आहे. आपल्याच तालुक्यातल्या पाटणादेवीला भास्कराचार्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी सुमारे ८०० वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापला. तसे तिथल्या शिलालेखात लिहिले आहे. त्या मातीत राहून आपण पावसाचा साधा हिशेब ठेवू नये?

डबा असा ठेवा

सरळ बाजूंचा एक डबा घ्या. तोंड आणि तळ सारखे हवेत. तळ सपाट हवा. गळत नाही ना, ते पाहा. उघड्या जागी ठेवा. झाड, भिंत, वळचण यांपासून लांब. नाही तर पानांवरचे आणि पत्र्यावरचे पाणी त्यात पडेल. वाऱ्याने पडू नये म्हणून विटा लावा. डब्याचे तोंड जमिनीपासून फूटभर उंच असू द्या, म्हणजे चिखलाचे शिंतोडे जाणार नाहीत. रोज सकाळी साडेआठला मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. ज्या मोजपट्टीचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो, ती वापरा.

पाऊस नाही झाला, तरी शून्य लिहा. शून्य हाही आकडाच आहे. शेतकऱ्याला तर तोच फार महाग पडतो.

घरात कोणी लिहिता-वाचता येणारे नाही, म्हणून हे काम पूर्वी अडले असते. आता तुम्ही हा धडा वाचत आहात, म्हणजे तुमच्या घरी ते अडणार नाही. ज्या हाताने तुम्ही सही शिकलात, त्याच हाताने वही भरा. आमच्या गल्लीतल्या एक आजी साठी उलटल्यावर वाचायला शिकल्या. आता आमच्या गल्लीची वही त्यांच्याकडे आहे. परवा मी माझा आकडा सांगितला, तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा चौदा, माझा सोळा. तुमच्या डब्यावर लिंबाची फांदी आली आहे. ती तोडा आधी."

मी जाऊन पाहिले. फांदी आली होती. ती तोडली.

चेरापुंजीचा पाऊस आपल्याला मिळणार नाही. आंबोलीचाही नाही. सह्याद्री काही बाजूला सरकणार नाही. आपल्या वाट्याला मांडीएवढे पाणी आहे. ते मोजायचे, अडवायचे, मुरवायचे आणि वाटून घ्यायचे. एवढे केले, तर तेवढ्यात आपले भागते.

वाचा आणि सांगा

१. देशात सगळ्यात जास्त पाऊस कोणत्या दोन गावांत पडतो?
२. नाशिकपेक्षा इगतपुरीला जास्त पाऊस का पडतो?
३. चेरापुंजीला हिवाळ्यात पाण्याची टंचाई का होते?
४. तुमच्या घराच्या छपरावर पडलेले पाणी कुठे जाते? ते अडवायचे तर काय करावे लागेल? घरच्या मंडळींशी बोला.
५. येत्या पावसाळ्यात आपल्या गल्लीची वही कोण ठेवणार? आजच नाव ठरवा.